एक पॉइंटवाला

“विलास जातोय तर जाऊ दे की. त्यानं कधी एक तरी बास्केट टाकलंय का? त्याच्या जागी उंच माणूस घ्या. बास्केट वर असतं, खाली नसतं,” चौगुले मामा म्हणाले आणि त्यांनी मांडीवरची शेंगांची टरफलं झटकली.

उन्हाळ्यातली रविवारची संध्याकाळ होती. मिरजेच्या त्या मैदानाला एका बाजूनं सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि त्यांवर नेहमीची पाच-सहा माणसं बसली होती. समोर व्हीलचेअर बास्केटबॉलचा सराव चालला होता. तिरप्या चाकांच्या खुर्च्या एकमेकींवर आदळत होत्या, आणि तो आवाज ऐकून मी दर वेळी दचकत होतो. मी माझ्या साध्या, दवाखान्यातून आणलेल्या खुर्चीत पायऱ्यांच्या कडेला बसलो होतो. शेजारी दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान.

मी स्वतःहून आलो नव्हतो. दाजी एसटीत कंडक्टर आणि चौगुले मामा त्याच डेपोतले निवृत्त ड्रायव्हर. “मामांना जरा भेटून येऊ, पाच मिनिटांचं काम आहे,” असं सांगून दाजींनी मला रिक्षात घातलं होतं. ते काम काही अंधार पडेपर्यंत संपलं नाही.

तेव्हा मला पडून दोन वर्षं होत आली होती. त्याआधी मी होर्डिंगवर फ्लेक्स बांधायचं काम करायचो. जयसिंगपूरच्या रस्त्यावर एक मोठा बोर्ड होता, तिथं वाऱ्यात दोर सुटला. छातीच्या खाली मला काही कळेना झालं ते कायमचं. गावात उपचाराची सोय नव्हती म्हणून अक्कानं मला मिरजेला आणलं आणि मागची खोली दिली. खायला-प्यायला, औषधाला, कशाला कमी नव्हतं. मीच बोलणं सोडलं होतं. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. अक्का ताट घेऊन यायची, माझ्यासमोर बसून गावाकडचं काहीबाही सांगायची आणि मग उगाच पदराशी चाळा करत उठून जायची.

त्या संध्याकाळी मी एकट्या विलासकडे बघत होतो. तो माझ्यासारखा होता. बाकीचे खेळाडू खुर्चीतून पुढं झुकत होते, मागं रेलत होते, दोन्ही हात वर करून चेंडू घेत होते. विलासला पट्ट्यानं खुर्चीला बांधलेलं होतं, आणि एक हात वर गेला की दुसऱ्या हातानं चाक धरावं लागत होतं, नाहीतर तो कोसळला असता. त्याच्याकडे चेंडू जवळजवळ येतच नव्हता. तरी तो सारखा पळत होता. समोरच्या बाजूचा सगळ्यात दांडगा गडी हेरायचा, आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला आडवी लावायची आणि त्याला हलू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तेवढ्या वेळात त्याच्या बाजूचा सदाशिव मोकळ्या वाटेनं बास्केटखाली जायचा आणि टाळ्या घ्यायचा.

परतताना रिक्षात मी म्हणालो, “त्या माणसाला खेळ कळत नाही.”

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू रिक्षाच उलटली.

पुढच्या रविवारी दाजींनी विचारलं नाही आणि मी नको म्हणालो नाही. पायऱ्यांवर विषय तोच. सातारा, सोलापूर, कोल्हापूर आणि मिरज अशा चार संघांची ती छोटी लीग होती. दिवाळीनंतर नव्या खेळाडूंची निवड व्हायची. सगळे नवे एका ठिकाणी जमायचे, सकाळी खेळून दाखवायचे आणि मग चारही संघांचे कोच आळीपाळीनं एकेकाचं नाव पुकारायचे. गेल्या वर्षी जो संघ तळाला, त्याची पहिली पाळी. मिरज खालून दुसरी होती. त्यामुळे आपण कुणाला घ्यायचं यावर पायऱ्यांवर जी चर्चा चालायची तिच्यापुढे विधानसभा फिकी पडली असती. बार्शीचा रेवणसिद्ध नावाचा एक पोरगा होता, बसल्या जागी हात वर केला तर साध्या माणसाला शिडी लागेल असा. चौगुले मामांनी त्याला कुठंतरी पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं.

मला नियम समजावून सांगितले ते रूथ सिस्टरनी. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी हयात गेली होती. संघातले निम्मे खेळाडू त्यांच्या वॉर्डातून उठून इथवर आलेले, म्हणून त्या दर रविवारी चर्चनंतर जेवण करून, थोडं पडून, छत्री घेऊन यायच्या. ऊन असो नसो, छत्री असायचीच.

“अंग जितकं चालतं तितके पॉइंट,” त्या म्हणाल्या. “एक पाय नाही, पण कंबर, पोट, पाठ शाबूत, असा सदाशिवसारखा माणूस साडेचार पॉइंटचा. छातीखाली काहीच हलत नाही तो एक पॉइंटचा. मैदानात पाच जण उतरवायचे, पण पाचांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये.”

“म्हणजे मी एक,” मी म्हणालो.

“तू एक,” त्या सरळ म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दया नव्हती, की उसनं कौतुकही नव्हतं.

दोन वर्षांत डॉक्टरांनी माझ्याबद्दल पुष्कळ सांगितलं होतं. काय होणार नाही ते सगळं मला पाठ होतं. पण मी कसल्या तरी बेरजेत बसू शकतो हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मी मागच्या खोलीत पडल्या पडल्या तोच हिशेब घालत होतो. सदाशिव साडेचार, त्याच्या जोडीचा इक्बाल साडेचार. दोघं एकदम उतरवले की नऊ झाले. उरले पाच, आणि त्यात तीन माणसं बसवायची. विलास एक पॉइंटचा होता म्हणून बाकीच्या दोघांना जागा होत होती. तो गेला, त्याच्या जागी उंच रेवणसिद्ध चार पॉइंट घेऊन आला, तर सदाशिव नाहीतर इक्बाल यांतल्या एकाला बाहेर बसावं लागणार. मामा म्हणत होते तसं केलं तर संघ मजबूत व्हायच्या ऐवजी मोडणार होता.

हे मी त्यांना पुढच्या रविवारी सांगितलं. सांगितलं म्हणजे भांडलो. मामा ऐकून घेईनात. त्यांचं म्हणणं, बेरीज शाळेत करतात, मैदानात बास्केट टाकतात. मी म्हणालो की बास्केट टाकणाऱ्याला वाट कोण करून देतं ते जरा चेंडूवरची नजर काढून बघा. त्यावर मामा म्हणाले की चेंडूवरची नजर काढायची तर मग घरी बसून काय वाईट. रूथ सिस्टर छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होत्या आणि मधूनच, “त्याचं बरोबर आहे, चौगुले,” एवढंच म्हणत होत्या.

पावसाळ्यात विलास भावाच्या दुकानात हातभार लावायला हुबळीला निघून गेला आणि मैदानाच्या शेडखाली आमचं भांडण जास्तच पेटलं. मी आता तयारी करून जाऊ लागलो. दाजींच्या मोबाईलवर सामने बघायचो, कुठल्या गावात कोण नवा खेळायला लागलाय ते विचारून घ्यायचो. कराडला प्रल्हाद नावाचा एक पॉइंटचा खेळाडू तयार होत होता. मी त्याचं नाव लावून धरलं. घरी जेवतानाही तोच विषय. अक्काला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती भाकरी थापता थापता विचारायची, “मग तो कराडचा येतोय का नाही?” आणि मी चुलीशेजारी खुर्ची लावून तिला सगळं पहिल्यापासून सांगायचो.

दिवाळी झाली. निवडीचा दिवस आला. त्या वर्षी निवड मिरजेतच होती, त्यामुळे पायऱ्या भरून गेल्या होत्या. सकाळी नव्या खेळाडूंचा खेळ झाला. रेवणसिद्ध खरोखरच उंच होता, आणि चांगलाही होता. मी प्रल्हादला शोधत होतो. तो दिसेना. शेवटी दाजी चौकशी करून आले. त्याला पुण्यात नोकरी लागली होती. तो येणारच नव्हता.

आणि नव्या पोरांत दुसरा कुणी एक पॉइंटचा नव्हता.

मला फार वाईट वाटलं. आपल्या घरचं लग्न मोडावं तसं वाटलं. मामा शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता ते मला टोमणा मारणार. पण ते कोर्टच्या पलीकडे बसलेल्या पाटणकर सरांकडे बघत होते. सर आमच्या मिरजेच्या संघाचे कोच.

पहिली पाळी सोलापूरची होती. त्यांनी क्षणभरही न थांबता रेवणसिद्धचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. आता मिरज. पाटणकर सर उठले, पण नाव न पुकारता कोर्ट ओलांडून सरळ आमच्याकडे चालत आले आणि माझ्या खुर्चीसमोर उकिडवे बसले.

“भरतेश, नवी नावं सकाळपर्यंत द्यायची होती. मी तुझं दिलंय,” ते म्हणाले. “तुझी तयारी नसेल तर आत्ता सांग, मी दुसरं नाव घेतो. असेल तर तुझं पुकारतो.”

मला वाटलं, ते माझी थट्टा करतायत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर ते हसत नव्हते.

“सर, मी बघायला येतो,” मी म्हणालो. “मला ती खुर्चीसुद्धा चालवता येत नाही.”

“सामने सुरू व्हायला अजून अवकाश आहे. शिकवतो.”

“माझा तोल जातो. मी पडलो तर?”

यावर सर काही बोलण्याआधी मामा बोलले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. समोर बघतच म्हणाले, “पडलास तर उचलतील. इथं रोज कोण ना कोण पडतंय. उन्हाळ्यापासून माझं डोकं खातोयस की आपल्याला एक पॉइंटवाला पाहिजे, एक पॉइंटवाला पाहिजे. आता हाय की एक. मग तूच नको म्हणतोस व्हय?”

पलीकडून आयोजकांनी माइकवरून विचारलं, मिरजेचा निर्णय झाला का. सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं. मी दाजींकडे पाहिलं. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मग मी रूथ सिस्टरकडे पाहिलं. मनातून मला वाटत होतं की त्यांनी नाही म्हणावं. त्या नर्स होत्या, त्यांनी नाही म्हटलं असतं तर कुणाचं काही चाललं नसतं.

त्यांनी विचारलं, “सारखं बसून बसायच्या जागेला झालेली जखम भरली का पूर्ण?”

“भरली.”

“रोज आरशात बघतोस?”

“अक्का बघते.”

“मग तिला सांग, जरा जरी लाल दिसलं तरी मला कळवायचं. मी सांगितलं की त्या दिवशी खुर्चीत बसायचं नाही, मग फायनल का असेना. कबूल?”

मी मान हलवली. “मान हलवू नको, तोंडानं सांग,” त्या म्हणाल्या.

“कबूल,” मी म्हणालो.

सर उठले, वळले आणि तिथूनच हात वर करून त्यांनी माझं नाव पुकारलं. भरतेश मगदूम, मिरज. टाळ्या फारशा झाल्या नाहीत, कारण मला कुणी ओळखत नव्हतं. तोवर दाजी शेजारून उठले होते. पाठीमागं कुणीतरी नाक शिंकरलं. मी वळून पाहू शकत नव्हतो, पण ते दाजी होते.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही, आणि ते फार चांगले होते असंही मी म्हणणार नाही. हाताला फोड आले, ते फुटले, परत आले. पहिल्याच आठवड्यात मी तीनदा खुर्चीसकट आडवा झालो. डोकं सिमेंटवर आपटलं तेव्हा सदाशिवनं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं खुर्ची उचलली आणि म्हणाला, “आता झाला तू मिरजेचा.” विलासनं हुबळीहून फोन करून सांगितलं की पट्टा एक भोक आवळून बांध, पोट धरून राहतं. तसं केलं आणि खरंच धरून राहिलं.

पहिला सामना सोलापूरशी होता. समोर रेवणसिद्ध. सरांनी मला एवढंच सांगितलं होतं, चेंडू विसर, त्याला विसरू नको. पहिल्या दोन वेळा तो मला सहज चुकवून गेला. तिसऱ्या वेळी मी आधीच निघालो, कडेनं गेलो आणि माझं चाक त्याच्या चाकापुढं घातलं. खण्ण असा आवाज झाला. तो पुढं-मागं करू लागला, दात ओठ खाऊ लागला, पण त्याला हलता येईना. माझ्या डोक्यावरून, माझ्या पाठीमागून काहीतरी गेलं, आणि पायऱ्यांवरून ओरडा झाला. सदाशिवनं बास्केट टाकलं होतं. ते मी पाहिलंच नाही. मी रेवणसिद्धच्या चेहऱ्याकडे बघत होतो. इतक्या जवळून इतक्या दिवसांत कुणी माझ्यावर चिडलं नव्हतं. सगळे माझ्याशी जपून वागायचे. हा चिडला होता, कारण मी त्याच्या आड आलो होतो. मला एवढा आनंद झाला की मी हसलो, आणि तो आणखी चिडला.

आम्ही तो सामना जिंकलो. त्या वर्षी मिरज दुसरी आली.

शेवटच्या सामन्यानंतर घरी गोडाचं केलं होतं. अक्का वाढत होती आणि दाजी खुशीत होते. बोलता बोलता ते म्हणाले, “चौगुले मामांचा डाव लागला म्हणायचा.”

मी विचारलं, कसला डाव.

दाजींनी अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, सांगा आता, काय होतंय.

मग दाजींनी सांगितलं. मी पहिल्यांदा मैदानावर गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा डेपोत त्यांना भेटले होते. पोरगा काही बोलतो का, असं त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, दोन वर्षांत बोलला नाही, पण काल रिक्षात एक वाक्य बोलला. म्हणाला, त्या माणसाला खेळ कळत नाही. मामा पोट धरून हसले आणि म्हणाले, मग पुढच्या रविवारी घेऊन ये, मी परत तेच बोलतो.

“आणि पाटणकर सरांना कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“मामांनीच. कराडचा येत नाही हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. सायकलवरून सरांच्या घरी गेले.”

मी पुढ्यातलं ताट तसंच ठेवलं. इतका मोठा लबाड माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्याचे पाय धरायचे तर मला वाकताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना घेऊन मामांच्या घरी गेलो. त्यांच्या घराला तीन उंच पायऱ्या. शेजारची दोन माणसं बोलवावी लागली, त्यांनी मला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. मामांना ते बघवेना. ते सारखे म्हणत होते, “अरे, मीच आलो असतो की. निरोप द्यायचास नुसता.”

मामींनी चहा आणला. मी मनात पुष्कळ जुळवून आणलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. शेवटी म्हणालो, “मामा, तुम्ही ते मुद्दाम बोलत होता?”

मामा बशीत चहा ओतत होते. “पहिल्या दिवशी असंच बोललो, पुढचे दोन रविवार मुद्दाम,” ते म्हणाले. “मग मलाच पटायला लागलं. उंच पोरगा पाहिजेच होता आपल्याला.”

“मामा.”

“काय?”

“तुम्ही बोलला नसता, तर मी अजून त्या खोलीतच असतो.”

त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांची बोटं गुडघ्यावर वाजत होती. मग म्हणाले, “भांडलास तू. मी नुसता ऐकत होतो.” आणि लगेच, “चहा घे, गार होतोय.”

एवढंच. मला आणखी बोलायचं होतं, पण त्यांनी पुढच्या मोसमात इक्बालच्या जोडीला कोण पाहिजे तो विषय काढला, आणि त्यांचं म्हणणं इतकं चुकीचं होतं की मला उत्तर देणं भाग पडलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी नंतर पुष्कळ खेळलो. आज फ्लेक्स बांधत नाही, कॉम्प्युटरवर त्यांची डिझाईनं करतो, माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. रूथ सिस्टर गेल्या तेव्हा आम्ही सगळे संघाचे शर्ट घालून दफनभूमीपर्यंत गेलो. मामा आहेत. कमी ऐकू येतं, पण ते काही त्यांच्या बोलण्याच्या आड येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या चहानंतरच्या आठवड्याचं. मामांनी निरोप धाडला, घरी ये, काम आहे. मी म्हटलं, परत शेजाऱ्यांना त्रास. तरी गेलो. रिक्षातून उतरलो आणि पाहिलं, तर पायऱ्या दिसेनात. त्यांच्यावर दारापर्यंत सिमेंटचा उतार केलेला होता. गवंडी कडेला थापी धूत होता. मामा बनियनवर उभे होते आणि त्यांच्या कोपरापर्यंत सिमेंट लागलं होतं.

“ये वर,” ते म्हणाले.

मामी आतून म्हणाल्या, “अहो, अजून ओलं आहे. वाळू तर द्या. रेघा उमटतील.”

मामांनी उंबऱ्यातून हात पुढं केला. “उमटू देत,” ते म्हणाले. “ये तू.”

मी चाकांना हात घातला आणि वर गेलो.